चिमाजी अप्पा : तलवार म्यान करतानाची कसोटी

नवी मुंबई (प्रतिनिधी) - बेलापूरला महापालिकेच्या मुख्यालयापासून किल्ले गावठाणाकडे वळले की झाडाझुडपांच्या आडोशाला जुन्या दगडी बांधकामाचे अवशेष दिसतात. पाम बीच मार्गावरून रोज भरधाव जाणाऱ्या हजारो वाहनांपैकी फारच थोड्यांना हा बेलापूरचा किल्ला आहे, हे ठाऊक असते. पनवेलच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवणारे हे ठाणे सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्या हातून फिरत अखेर चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतले. मोहीम फत्ते झाल्यास जवळच्या अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन, असा नवस अप्पांनी केला होता आणि त्यावरून बेलापूर हे नाव पडले, अशी आख्यायिका येथे सांगितली जाते. आख्यायिकेचे खरेखोटे बाजूला ठेवले तरी सिडकोने वसवलेल्या या नव्या शहराच्या पायाखाली अठराव्या शतकातील एका मोठ्या युद्धाची खूण पुरलेली आहे, एवढे निश्चित.

या युद्धाची आठवण आज काढण्याचे कारण केवळ अभिमानाचे नाही. युक्रेनपासून गाझापर्यंत जगात जी युद्धे पेटली, त्यांनी एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. युद्ध कधी न्याय्य ठरते, आणि न्याय्य कारणासाठी लढणाऱ्यालाही कोणती बंधने पाळावी लागतात? या प्रश्नाचे एक ठोस, तपासून पाहता येईल असे उत्तर आपल्याच किनारपट्टीवर, वसईच्या तटाखाली १७३९ मध्ये दिले गेले आहे. ते देणारा सेनापती जेमतेम तिशी ओलांडलेला आणि प्रकृतीने नाजूक असा होता.

थोरल्या भावाच्या सावलीत

चिमाजी अप्पा हे भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे चिरंजीव. जन्म १७०७ च्या सुमाराचा. भट घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे घाटावर आलेले. १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथांचे निधन झाले आणि छत्रपती शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे विशीतल्या बाजीरावांना दिली. तेव्हा चिमाजी अप्पांचे वय अवघे तेराच्या आसपास होते. पुढची वीस वर्षे या दोन भावांनी एकमेकांच्या साह्याने काढली. बाजीराव स्वारीवर असत तेव्हा पुण्याचा आणि सातारा दरबाराचा कारभार अप्पा सांभाळत. गरज पडली की तेच फौजेच्या अघाडीला असत.

बाजीरावांच्या विलक्षण तेजामुळे इतिहासाने अप्पांकडे बहुधा पूरक व्यक्ती म्हणून पाहिले. त्यांची स्वतंत्र कामगिरी मात्र लहान नाही. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यात अमझेरा येथे त्यांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि दया बहादूर यांचा पराभव केला. दोघेही रणात पडले आणि माळव्याचा दरवाजा मराठ्यांना उघडा झाला. एप्रिल १७३६ मध्ये अलिबागजवळ रेवसच्या परिसरात त्यांनी सिद्दी सात याला ठार केले आणि कोकणातील सिद्दीचा जोर मोडला. घरच्या आघाडीवर मात्र दैव कठोर होते. ऑगस्ट १७३० मध्ये पुत्र सदाशिवराव जन्मला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई निवर्तल्या. हेच सदाशिवराव पुढे पानिपतावर भाऊसाहेब म्हणून सेनापती झाले.

कारण न्याय्य होते का?

युद्धाच्या न्यायाचा विचार करणारे पंडित, मग ते युरोपातील ऑगस्टीन, थॉमस अक्विनास आणि ग्रोशियस असोत किंवा आपल्याकडील महाभारताचे आणि धर्मशास्त्रांचे कर्ते असोत, सर्वसाधारणपणे दोन प्रश्न वेगळे ठेवतात. युद्ध पुकारण्यास पुरेसे कारण होते काय, हा पहिला. आणि युद्धात वर्तन कसे राहिले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही. आपल्याकडे धर्मयुद्ध या शब्दाचा अर्थ हल्ली धर्मासाठी केलेले युद्ध असा घेतला जातो. मूळ अर्थ नियमाने लढलेले युद्ध असा आहे. शस्त्र खाली ठेवलेल्यावर, शरण आलेल्यावर, पळणाऱ्यावर वार करू नये, हे नियम कुरुक्षेत्रावर युद्धापूर्वी ठरले होते, असे महाभारत सांगते. आणि ते एकेक करून कसे मोडले गेले, हेही तेच सांगते.

उत्तर कोकणात पोर्तुगीज सत्ता १५३४ पासून होती. गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई त्यांच्या हवाली केली आणि तेव्हापासून वसई हे त्यांच्या उत्तर प्रांताचे, मराठी कागदपत्रांतील फिरंगाणाचे, मुख्य ठाणे झाले. साष्टी, ठाणे, माहीम, तारापूर, डहाणू, अशेरी असा हा विस्तीर्ण टापू होता. देवळे पाडणे, हिंदूंच्या उघड धर्मविधींना बंदी आणि पितृहीन मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा कायदा यांमुळे रयत गांजली होती. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाचा धाक उत्तर प्रांतालाही होता. भिवंडीजवळील अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी ही गाऱ्हाणी वर्षानुवर्षे पेशव्यांच्या कानी घातली आणि मोहिमेसाठी स्थानिक माणसांची जुळवाजुळव केली.

रयतेवरील जुलूम हे कारण खरे होते. पण ते एकटे नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. साष्टीचा महसूल, कल्याण प्रांताची सुरक्षितता, आंग्रे बंधूंच्या भांडणातील पोर्तुगीजांचा हस्तक्षेप आणि ठाण्याला ते बांधू लागलेला नवा किल्ला या सर्वांचा हिशेब पुण्यात मांडला गेला होता. निर्भेळ कारणासाठी झालेले युद्ध इतिहासात शोधून सापडत नाही. आजही बलाढ्य राष्ट्रे पीडितांच्या रक्षणाचे कारण पुढे करून शेजारी देशात फौजा घालतात, तेव्हा त्यामागचा दुसरा हिशेब पाहावाच लागतो. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई करताना तेथील रशियन भाषकांवरील अन्यायाचे कारण सांगितले होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेने स्वसंरक्षण आणि सुरक्षा परिषदेची संमती याखेरीज बळाच्या वापराला मनाई केली, ती याच अनुभवातून. कारणाबाबत दोन्ही पक्ष आपापली बाजू न्यायाची म्हणतात. वर्तनाच्या बाबतीत मात्र पुरावा मागता येतो. म्हणून अप्पांच्या चरित्रात खरे महत्त्व मोहिमेच्या शेवटाला आहे.

दोन वर्षांची झुंज

मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांच्या फौजा अचानक साष्टीत उतरल्या. ठाण्याचा किल्ला अजून अपुरा होता. तो लवकरच पडला. साष्टी बेट आणि खाडीकाठची ठाणी हाती आली. वसईने मात्र दाद दिली नाही. तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदल, भक्कम तट, बुरुजांवर तोफा आणि समुद्रातून रसद, अशी ती जागा होती. दरम्यान १७३७ च्या हिवाळ्यात बाजीरावांनी भोपाळला निजामाला कोंडले, तेव्हा दक्षिणेतून निजामाला कुमक जाऊ नये म्हणून अप्पांना तापीकाठी जाऊन बसावे लागले. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणे परत घेण्याचा निकराचा प्रयत्न केला. त्यात त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो तोफेचा गोळा लागून मरण पावला.

त्यानंतर अप्पा स्वतः निर्णायक मोहिमेवर आले. जानेवारी १७३९ पासून माहीम, डहाणू, तारापूर अशी ठाणी एकामागून एक पडत गेली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा गमवावा लागला. इकडे उरण-करंजाच्या बाजूस मानाजी आंग्रे यांनी पोर्तुगीजांना हुसकावले. गोव्यातून वसईला मदत येऊ नये म्हणून व्यंकटराव घोरपडे यांची फौज थेट गोव्याच्या मुलखात घुसली. फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे आपापल्या पथकांसह त्यात सामील होते.

हा वेढा तीन महिने चालला. वाळूतून मोर्चे पुढे सरकवायचे, तटाखाली सुरुंग खणायचे, वरून येणारे हातबाँब, उकळते तेल आणि गोळ्या यांना तोंड द्यायचे, असा तो क्रम होता. किल्ला हाती येत नसेल तर आपले मस्तक तरी तोफेने किल्ल्यात उडवा, असे अप्पांनी सरदारांना सांगितल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. कथेतील शब्द कोणाचेही असोत, त्यामागची घालमेल खरी होती. पावसाळा तोंडावर आला होता. उत्तरेत त्याहून मोठे संकट उभे होते. इराणच्या नादिरशहाने कर्नाळची लढाई जिंकून दिल्ली गाठली होती आणि मार्च १७३९ मध्ये तेथे नागरिकांची सरसकट कत्तल झाली होती. नादिरशहा दक्षिणेकडे वळलाच तर काय, या चिंतेने बाजीराव वसईचा निकाल लवकर लागण्याची वाट पाहत होते.

मेच्या मध्यावर सुरुंग उडाले, उत्तरेकडील बुरुज ढासळले आणि दोन दिवस खिंडारात हातघाईची लढाई झाली. मराठ्यांनी स्वतःच्या पत्रांत नोंदवलेली हानी पाच हजारांच्या घरातील आहे. अखेर दारूगोळा आणि माणसे दोन्ही संपत आल्याने पोर्तुगीजांनी पांढरे निशाण दाखवले. १६ मे १७३९ रोजी तह ठरला.

तहाची कलमे

हा क्षण सर्वांत धोक्याचा असतो. पाच हजार सहकारी डोळ्यांदेखत पडलेले, दोन वर्षांचा राग साचलेला, तट फुटलेला आणि आत श्रीमंत शहर. त्या काळच्या युरोपीय रिवाजानुसारही, खिंडार पडेपर्यंत झुंजलेल्या किल्ल्याला दया मागण्याचा फारसा हक्क उरत नसे आणि जिंकणाऱ्या सैन्याला लुटीची मुभा मिळे. दिल्लीत त्याच वर्षी काय झाले, ते वर आलेच आहे.

अप्पांनी मान्य केलेल्या अटी वेगळ्या होत्या. किल्ल्यातील शिबंदीने हत्यारांसह, निशाणे फडकवत आणि नगारे वाजवत सन्मानाने बाहेर पडावे. ज्या रहिवाशांना जायचे असेल त्यांनी बायकामुलांसह आणि हलवता येईल तेवढ्या मालमत्तेसह जावे. त्यासाठी आठवड्याची मुदत. मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक. काही चर्चना अभय. युद्धकैद्यांची अदलाबदल. आणि शेवटचा जाणारा माणूस बाहेर पडेपर्यंत मराठी फौजेने शहरात पाऊल टाकू नये. मेच्या चौथ्या आठवड्यात पोर्तुगीज गलबतांतून मुंबईकडे निघून गेले आणि मग वसईवर भगवा चढला. पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या कुटुंबातील स्त्रीला अप्पांनी सन्मानाने परत पाठवल्याची गोष्टही लोकप्रिय आहे. तिच्या आधाराची गरज नाही; तहाची कलमे पुरेशी बोलकी आहेत.

ही केवळ उदारता होती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पावसाळ्यापूर्वी वेढा संपवणे, फौज उत्तरेकडे मोकळी करणे आणि मुंबईच्या इंग्रजांना हस्तक्षेपाचे निमित्त न देणे, हे सर्व त्यात होते. वेढ्यात पोर्तुगीजांना जेमतेम मदत करणाऱ्या इंग्रजांनी दोन महिन्यांच्या आत कॅप्टन इंचबर्ड यांना अप्पांकडे पाठवून तह केला, हे त्या धोरणाचे यशच होय. शत्रूला बाहेर पडण्याचा सन्माननीय मार्ग ठेवला की तो अखेरच्या माणसापर्यंत लढत नाही आणि दोन्हीकडचे प्राण वाचतात. मर्यादा आणि मुत्सद्देगिरी येथे एकाच दिशेने चालल्या.

विजयाच्या सावल्या

अप्पांना निष्कलंक वीर ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. वसई प्रांतातील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर आल्या. भीमाशंकरच्या आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात अशा घंटा आजही दिसतात; नारोशंकरच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. ज्या गावाची घंटा गेली, त्या गावाच्या दृष्टीने धर्माच्या मोकळिकीचे कलम कितपत पूर्ण झाले, हा प्रश्न उरतोच. त्याच वर्षाच्या अखेरीस आणि १७४० च्या आरंभी मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवण्याच्या घरच्या निर्णयात अप्पांचा वाटा होता. परक्या शत्रूच्या कुटुंबांना वाट करून देणारा सेनापती थोरल्या भावाच्या प्रिय स्त्रीला मात्र तशी वाट देऊ शकला नाही. रणांगणावरील न्यायबुद्धी घरात टिकतेच असे नाही, हे या चरित्राचे दुखरे पान आहे.

वसईनंतर अप्पांना आयुष्य फार लाभले नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. फुप्फुसाच्या विकाराने आधीच खंगलेल्या अप्पांनी पुतण्या नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे मिळवून देण्यापुरती उमेद धरली आणि त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी पुण्यात देह ठेवला. मुठेकाठी ओंकारेश्वराजवळ त्यांची समाधी आहे.

त्यानंतर दोनच वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या. बर्गी या नावाने त्यांनी तेथील रयतेवर जो कहर केला, त्याच्या आठवणी बंगाली अंगाईगीतांतून आजही टिकून आहेत. सत्ता मराठ्यांचीच होती, पद्धतीही तीच होती. वसईसारखी मर्यादा घालून देणारा माणूस तेथे नव्हता. येथेच अप्पांच्या चरित्रातला सर्वांत मोठा धडा आहे. एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून असलेली मर्यादा त्या माणसाबरोबर संपते. ती टिकवायची तर तिचा कायदा व्हावा लागतो.

कायदा झाला, पुढे?

तो कायदा पुढे झाला. १९०७ च्या हेग नियमावलीत शरणागतीच्या तहात लष्करी सन्मानाचा विचार व्हावा आणि एकदा ठरलेल्या अटी दोन्ही पक्षांनी काटेकोरपणे पाळाव्यात, असे कलम आहे. वसईचा तह वाचणाऱ्याला ते ओळखीचे वाटेल. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी कैदी, जखमी आणि नागरिक यांना संरक्षण दिले. १९७७ च्या पुरवणी करारात नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास मनाई झाली. भारताने १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक आणि त्यांच्यासोबतचे लोक ताब्यात घेतले, तेव्हा शरणागतीच्या कागदातच जिनिव्हा करारानुसार वागणुकीची हमी दिली आणि पुढे त्यांना सुखरूप परत पाठवले. वसईच्या परंपरेतले हे अलीकडचे पान म्हणता येईल.

दुसरी पाने काळी आहेत. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनिका हे संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित घोषित केलेले शहर सर्ब फौजांच्या हाती पडले आणि सुमारे आठ हजार पुरुष व मुलगे वेगळे काढून मारले गेले. २०२२ मध्ये मारिओपोलचा वेढा संपून युक्रेनचे सैनिक शरण आले. जुलैमध्ये ओलेनिव्हका येथील तुरुंगात झालेल्या स्फोटात त्यांपैकी पन्नासहून अधिक कैदी मरण पावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायली नागरिकांची हत्या करून अनेकांना ओलीस नेले. त्यानंतर गाझातील लाखो नागरिक अन्नपाण्याला मोताद झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या नेत्यांवर अटक वॉरंट काढले. या साऱ्या संघर्षांत प्रत्येक पक्षाने आपले कारण न्याय्य असल्याचे सांगितले. १७३९ मध्ये नियम लिहिलेले नव्हते आणि ते पाळणारा माणूस होता. आज नियम छापलेले आहेत. पाळणाऱ्यांची वाण आहे.

वसईत मागे राहिलेल्यांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. तेथील ख्रिस्ती समाज मराठी राजवटीतून टिकून राहिला, आपल्या सणांसह आणि बोलींसह याच मातीत रुजला. त्याच समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. युद्ध न्याय्य होते की नाही, याचा निकाल रणभूमीवर लागत नाही. जिंकलेल्या शहरात पराभूतांची नातवंडे निर्धास्तपणे नांदतात की नाही, यावर तो ठरतो.

वसईच्या किल्ल्यात अप्पांचे स्मारक आहे आणि तेथे विजयोत्सवही होतो. बेलापूरच्या किल्ल्याच्या वाट्याला तेवढे भाग्य आलेले नाही. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात तो पडझडीला तोंड देत उभा आहे. शहरातील शाळकरी मुले तेथे गेलीच, तर किल्ला कसा जिंकला याबरोबरच तो जिंकल्यावर जिंकणारे कसे वागले, हेही त्यांना कोणीतरी सांगायला हवे.